रंगमहाल

वेरूळच्या कैलास लेण्याला लोक पूर्वी रंगमहाल म्हणत, हे खडकवासल्याच्या आमच्या पोरांना वर्गात सांगितले की ती हसतात. “गुरुजी, तो तर नुसता काळा दगड!”

काळा खरा, पण आज. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाच्या काळी, कातळ वरून खाली कोरीत आणला. मग त्यावर चुन्याचा गिलावा बसला नि रंग चढले. आडोशाच्या छतांना त्यांचे अवशेष अजून बिलगून आहेत. ग्रीकांच्या पांढऱ्याशुभ्र मूर्तींची कथाही तीच. ब्रिंकमन या जर्मन संशोधकाने अतिनील दिव्याखाली रंगांच्या खुणा हुडकल्या आणि २००३ साली म्युनिकमध्ये रंगीत प्रतिकृती मांडल्या. मूळ संगमरवराला मात्र कुंचला लावला नाही.

मला मोल वाटते ते या संयमाचे. आपण देऊळ ‘मूळ रूपात आणायचे’ म्हणून खुशाल खरवडतो. रंग म्हणजे मागाहून चढलेला मळ, असे धरूनच चालतो. पण जुना थर गेला की साक्षीदारच गेला. मग विचारायचे कोणाला?

रंगवण्याची हौस कागदावर भागवावी. एका मुलीने कैलासाचे हत्ती गेरूने रंगवले आहेत. ते तसेच होते असे कोणी म्हणणार नाही. पण त्या कागदाने कैलासाचे काही बिघडलेले नाही.