हरवलेला पत्ता

घरांत सर्वांत कमी जागा व्यापणारी वस्तु म्हणजे कुलपाची किल्ली. आणि ती सांपडेनाशी झाली म्हणजे साऱ्या घरापेक्षां तिचीच महती अधिक वाटूं लागते. दिवाणखाना, माजघर, कोठीची खोली, सारें जागच्या जागीं असतें. पण घरधन्याला ओटीवर बसून शेजाऱ्यांचीं सहानुभूतीचीं भाषणें ऐकावीं लागतात. संगणकाच्या पोटांतही अशी एक किल्ली असते. तिला बूटलोडर म्हणतात. यंत्र सुरू होतांना ती आपलें काम क्षणार्धांत उरकून बाजूला होते; त्यामुळें तिचें अस्तित्वच बहुतेकांच्या गांवीं नसतें. जें काम बिनबोभाट होतें त्याची दखल तें बंद पडल्यावरच घ्यावयाची असा आपला परिपाठ आहे, व तो किल्लीपुरताच आहे असें नाहीं.

ह्या नांवाचें मूळ मोठें गमतीचें आहे. इंग्रजी बुटाला, तो ओढून घालतां यावा म्हणून, मागल्या बाजूस एक पट्टी असते. आपल्याच बुटाची ही पट्टी धरून स्वतःला जमिनीवरून उचलणें, ही त्या भाषेंत अशक्य गोष्टीची उपमा होऊन बसली. आणि संगणक बांधणाऱ्यांना ती हुबेहूब लागू पडलेली दिसली. यंत्राकडून कांहींही करवून घ्यावयाचें तर त्याच्या स्मृतींत आज्ञा पाहिजेत. आणि आज्ञा स्मृतींत आणावयाच्या तर त्या आणण्याची आज्ञा आधीं पाहिजे. बीज आधीं कीं अंकुर आधीं हा वाद आमच्या शास्त्रीपंडितांनीं शतकानुशतकें चालविला. १९५२ सालच्या आय. बी. एम. ७०१ ह्या यंत्राच्या कर्त्यांनीं तो एक बटण बसवून मिटविला. बटण दाबलें कीं आरंभींचा थोडासा मजकूर आंत येई, आणि तो पुढच्याला हात धरून आणी.

पुढें घरगुती संगणकांत हें काम तबकडीच्या अगदीं पहिल्या तुकड्याकडे आलें. १९८३ सालीं पीसी-डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर त्याची मांडणी ठरली. तुकडा अवघा ५१२ बाइटांचा. त्यांतले ४४६ आज्ञांसाठीं, ६४ तबकडीवरील कप्प्यांच्या नोंदीसाठीं, आणि शेवटचे २ शिक्क्यासाठीं. नोंदी चारच. चारांहून अधिक कप्पे हवे असतील तर चारांतल्या एकाच्या पोटांत पोटकप्पे पाडावयाचे, व त्यांचे क्रमांक पांचापासून धरावयाचे. पोस्टकार्डावर मावेल एवढ्या मजकुराच्या आधारावर सारा डोलारा उभा!

आमच्या घरच्या जुन्या संगणकांत दोन बिऱ्हाडें नांदतात. एक विकत घेतलेल्या कार्यप्रणालीचें. महाविद्यालयाचीं कोष्टकें व अहवाल त्या बिऱ्हाडीं होतात. दुसरें लिनक्सचें, ज्याचा गाभा फिनलंडमधील लायनस टॉरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं रचावयास घेतला. दोघांच्या सामाईक दारावर ग्रब नांवाचा पहारेकरी उभा असतो. एरिक बोलेन यांनीं तो १९९५ सालीं तयार केला. ग्रब ह्या शब्दाचा इंग्रजींत एक अर्थ अळी व दुसरा साधेंसुधें जेवण. पण येथें तें 'ग्रँड युनिफाइड बूटलोडर' ह्या भारदस्त नांवाचें लाडकें रूप आहे. यंत्र सुरू होतांच हा पहारेकरी दोन नांवांची यादी पुढें धरतो, कोणाकडे जावयाचें तें विचारतो, आणि पाहुण्यास त्या दारीं पोंचवून अदृश्य होतो.

लिनक्सच्या बिऱ्हाडीं आमच्या सौभाग्यवतींचा एक संसार आहे. त्यांच्या मातोश्रींना जात्यावरच्या ओव्या पुष्कळ येत. त्या हयात असतां सौभाग्यवतींनीं चिठोऱ्यांवर, हिशेबाच्या वहीच्या मागल्या पानांवर, लग्नपत्रिकांच्या पाठीवर अशा सांपडेल तेथें त्या टिपून घेतल्या. आणि मातोश्री गेल्यावर रोज दुपारीं थोड्या थोड्या संगणकांत उतरवूं लागल्या. चिठोरीं जुनीं, कांहींचे तुकडे पडलेले. उतरवून झालें कीं कित्येकांचा हातांतच भुगा होई. गेल्या चैत्रापासून उतरविलेल्या ओव्यांची दुसरी प्रत कोठेंही नव्हती.

दिवाळीच्या सुटींत आमचा पुतण्या आला. तो यंत्रविद्येचा विद्यार्थी. तबकडीवर एक कप्पा कित्येक वर्षें रिकामा पडलेला पाहून त्याला राहवलें नाहीं. त्यानें तो काढून टाकला, आणि भाऊबीज आटोपून परत गेला. दुसऱ्या दिवशीं यंत्र सुरू केलें तों यादी नाहीं, कांहीं नाहीं. काळ्या पडद्यावर 'असा कप्पा नाहीं' ह्या अर्थाची एक ओळ, व तिच्याखालीं 'ग्रब रेस्क्यू' एवढे दोन शब्द. पुतण्यास दूरध्वनीवरून विचारलें तेव्हां तो म्हणाला, "काका, मी फक्त रिकामाच कप्पा काढला हो, बाकी कशाला हात लावला नाहीं." दुरुस्तीच्या दुकानदारानें तर निकालच दिला : "सर, सगळें पुसून नवीन टाकतों. दोन तासांत यंत्र घेऊन जा." तें ऐकून सौभाग्यवतींनीं आम्हांस हळूच विचारलें, "अहो, सगळें पुसायचें म्हणजे काय काय पुसायचें?"

त्या प्रश्नानें आम्ही यंत्र उचलून घरीं आणलें, आणि भ्रमणध्वनीवर ग्रबची पोथी उघडून बसलों. घडलें होतें तें असें. रिकामा कप्पा पांचवा होता व लिनक्सचा सहावा. पोटकप्प्यांचे क्रमांक त्यांना कायमचे चिकटलेले नसतात. ते केवळ रांगेंतील स्थानावरून मोजले जातात. पांचवा निघतांच सहाव्याला पांचवा म्हणूं लागले. घर हाललें नाहीं, घरांतली एक वाटीही हालली नाहीं. फक्त दारावरचा क्रमांक बदलला. परंतु पहारेकऱ्याच्या कानांत सहावा हाच आंकडा भरलेला! त्याची थोडी शिदोरी तबकडीच्या आरंभीं असते, पण बाकीची सारी विद्या लिनक्सच्या कप्प्यांतच ठेवलेली असते. तो कप्पा सांपडेना, म्हणून विद्याही सांपडेना, आणि बिचारा चार-दोन शब्दांनिशीं दारांत उभा राहिला.

पण ते चार-दोन शब्द पुरेसे असतात. 'एलएस' म्हटलें कीं तो दिसतील तेवढ्या कप्प्यांचीं नांवें सांगतो. मग एकेकाचें दार ठोठावावयाचें. पहिल्याचें ठोठावलें, 'ही मांडणी अनोळखी' असें उत्तर आलें. दुसऱ्याचेंही तेंच. पांचव्यावर मात्र पडद्यावर नांवांची रांग उमटली. अगदीं आरंभींच 'लॉस्ट' आणि 'फाउंड' हे दोन शब्द जोडून केलेलें एक नांव, म्हणजे हरवलें-सांपडलें! (ह्या जातीच्या प्रत्येक कप्प्यांत तें असतेंच, पण त्या क्षणीं तें आम्हांस शुभशकुनासारखें वाटलें.) पुढें 'बूट', पुढें 'होम'. सौभाग्यवती मागें उभ्या होत्या. त्यांनीं 'होम' हा शब्द वाचला आणि खुर्ची ओढून घेतली.

उरलेलें काम थोडें होतें. 'सेट' ह्या आज्ञेनें पहारेकऱ्यास मूळ कप्पा कोणता व त्याची विद्या कोठें, हें दोनदां सांगितलें. 'इन्समॉड'नें ती विद्या आणविली. आणि शेवटीं 'नॉर्मल' एवढा एक शब्द लिहिला. ओळखीची यादी पुढें आली. लिनक्स मुकाट्यानें सुरू झालें, कारण तें आपले कप्पे क्रमांकानें ओळखीत नाहीं. प्रत्येकास बत्तीस चिन्हांचें एक न बदलणारें नांव दिलेलें असतें, त्यावरून ओळखतें. आंत गेल्यावर 'ग्रब-इन्स्टॉल' ही आज्ञा देऊन नवा पत्ता पहारेकऱ्याच्या शिदोरींत कायमचा लिहून ठेवला. एरवीं दुसऱ्या दिवशीं तो पुन्हा सहाव्याचीच वाट पाहत बसता. ओव्या एकूण एक जागेवर होत्या. त्यांची दुसरी प्रत त्याच रात्रीं झाली.

नव्या यंत्रांत ही व्यवस्था पालटली आहे. त्यांत कप्प्यांची नोंदवही तबकडीच्या आरंभीं एक व अखेरीस एक अशी दोनदां ठेवतात, आणि प्रत्येक कप्प्यास स्वतःचें कायमचें नांव असतें. शहाणपण आहे, पण माणसांची मांडणी अजून जुनीच आहे. सौभाग्यवतींच्या मातोश्रींना शेवटचीं दोन वर्षें मुलीचें नांवही आठवत नसे. भेटीस येणारे हळहळत आणि म्हणत, आतां ह्यांच्यांत कांहीं उरलें नाहीं. तेव्हां मुलगी जात्याचा खुंटा आईच्या हातीं देई, आपणही धरी, आणि पहिले दोन शब्द म्हणे. जातें एक-दोन फेरे फिरे, आणि आई पुढची ओवी म्हणूं लागे. मग तिच्या मागून दुसरी, तिसरी, एकही शब्द न अडखळतां. त्या चिठोऱ्यांवरल्या कित्येक ओव्या अशा दुपारींच टिपलेल्या आहेत.

पुसून नवें टाकण्याचा सल्ला देणारे कांहीं दुष्ट नसतात. त्यांना वेळ कमी असतो एवढेंच. त्यांच्या हिशेबांत यंत्र दोन तासांत हातीं येतें, आणि तो हिशेब खोटाही नसतो. परंतु आंत काय आहे हें ठाऊक असलेल्या माणसानें तरी पुसण्यापूर्वीं एकेक दार ठोठावून पाहावें. पहिल्या दोन दारांतून 'अनोळखी' असें उत्तर येईल. तेवढ्यावरून घर रिकामें आहे असें समजूं नये.