उरलेला श्वास

आंग ली यांचा ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’ हा २००० सालचा चिनी चित्रपट मी पाहिला तो मुलाच्या आग्रहाखातर. छपरांवरून धावणारे, बांबूच्या शेंड्यांवर तोल सावरीत झुंजणारे वीर पाहून प्रथम हसूच आले. परंतु तलवारींच्या त्या खणखणाटाआड एक मौन होते. योद्धा ली मू बाई आणि शू लिएन यांचे एकमेकांवर प्रेम आहे. तिचा वाग्दत्त वर म्हणजे लीचा मानलेला भाऊ. तो लीच्याच शत्रूच्या हातून मारला गेलेला. त्या मृताचा मान राखण्यासाठी दोघांनी वर्षानुवर्षे ओठ मिटून घेतले.

अखेरीस विषारी सुईने ली मरणोन्मुख होतो. उरलेला श्वास त्याने ध्यानात लावावा, मुक्त व्हावे, अशी ती विनवणी करते. तो मात्र तो श्वास प्रेमाची कबुली देण्यात खर्च करतो. तिच्याविना स्वर्गही नको म्हणतो. माझ्या धर्मशिक्षणाला हे रुचले नाही, तरी मी जागचा हललो नाही.

बाबांची अखेरची रात्र आठवली. आम्ही उशाशी बसून रोझरी म्हणत होतो. माझ्याकडे पाहून त्यांनी दोनदा ओठ हलविले. तेही प्रार्थना म्हणत असावेत, असे समजून मी पुढचा ‘नमो मरिया’ सुरू केला.