पुढें काय झालें?

गोष्ट संपली असें सांगणाराला वाटतें. ऐकणाराला तसें वाटत नाहीं. राजाराणी सुखानें नांदूं लागलीं म्हणून आजी डोळे मिटते, आणि नातू डोळे उघडून विचारतो, "पुढें काय झालें?" हा प्रश्न विचारण्याचा अधिकार वयाबरोबर नाहींसा होतो अशी सुशिक्षितांची समजूत आहे. प्रौढ माणसानें पुस्तक मिटावें, त्याचे गुणदोष चार वाक्यांत सांगावे आणि दुसरें पुस्तक उघडावें, ही महाविद्यालयाची शिस्त आम्हीही गेलीं पंचवीस वर्षें पाळीत आणि पाळवीत आलों आहों.

परंतु आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कांहीं जण त्या प्रश्नाचें उत्तर स्वतःच लिहून काढूं लागले आहेत. इंग्रजींत या लिखाणास 'फॅन फिक्शन' म्हणतात. आवडत्या पुस्तकांतील किंवा चित्रपटांतील पात्रें उसनीं घ्यावयाचीं, आणि मूळ कर्त्यानें जेथें लेखणी ठेवली तेथून पुढें, किंवा जें सांगावयाचें राहून गेलें त्या जागीं शिरून, आपली गोष्ट रचावयाची, असा हा प्रकार आहे. एका कथेभोंवतीं अशा रसिकांचा मेळा जमला कीं त्यास 'फॅनडम' हें नांव मिळतें. या लेखापुरतें आम्ही या लिखाणास 'अनुकथा' म्हणूं. शब्द रुचला नाहीं तर वाचकांनीं दुसरा योजावा.

घरोघरच्या आईबापांचे या छंदावर दोन आक्षेप आहेत. मुलगी रात्र रात्र जागून जें लिहिते तें परीक्षेच्या कामाचें नाहीं, हा पहिला. आणि तें तिचें स्वतःचें नाहीं, हा दुसरा. पहिल्या आक्षेपास आमच्यापाशीं उत्तर नाहीं. परीक्षेच्या कामाचें नसलेलें असें पुष्कळच चांगलें या जगांत आहे. दुसऱ्याला मात्र उत्तर आहे, आणि तें बरेंच जुनें आहे. भासाच्या नांवावर असलेल्या 'पंचरात्र' नाटकांत, पांच रात्रींच्या आंत पांडवांचा शोध लागल्यामुळें, द्रोणाचार्यांना दिलेल्या वचनाप्रमाणें दुर्योधन अर्धें राज्य देऊन टाकतो. म्हणजे युद्धाचें कारणच उरत नाहीं! 'मध्यमव्यायोग' नाटकांत घटोत्कच आपल्या बापाला न ओळखतां त्याच्याशीं झुंजतो. ही गांठ व्यासांनीं घातलेली नाहीं. महाभारतांतील शकुंतलेच्या कथेंत दुर्वासाचा शाप नाहीं. तो कालिदासानें घातला, आणि दुष्यंताला वाचकांच्या दृष्टीनें वांचविलें. आमच्या मोरोपंतांनीं तर एकच रामकथा किती परींनीं सांगावी याचा नेमच सोडला. हीं सर्व माणसें दुसऱ्याच्या पात्रांवर लिहीत होतीं, आणि त्याबद्दल कोणी त्यांना उसनवार करणारे म्हटलें नाहीं.

विलायतेंतही असेंच आहे. १८२६ सालीं ब्राँटे घराण्यांत वडिलांनीं मुलाकरितां बारा लांकडी शिपाई आणले. भावंडांनीं ते वांटून घेतले. शार्लटनें आपल्या शिपायाला ड्यूक ऑफ वेलिंग्टनचें नांव दिलें आणि त्या उसन्या नायकावर पुढें वर्षानुवर्षें बारीक अक्षरांत वह्या भरल्या. १८४७ सालीं 'जेन एअर' लिहिणारा हात त्या वह्यांत तयार झाला. आणि गंमत अशी कीं, त्याच कादंबरींत माळ्यावर कोंडलेली जी वेडी बायको आहे, तिची बाजू जीन ऱ्हिस या लेखिकेनें १९६६ सालीं स्वतंत्र कादंबरी लिहून मांडली. जिनें उसनें घेतलें तिच्याकडूनही उसनें घेतलें गेलें; साहित्याच्या पेढीवर असाच व्यवहार चालतो.

तेव्हां मुलें अनुकथा लिहितात ही आमची तक्रार नाहीं. सगळीं एकाच अंगणांत गर्दी करतात, ही आहे. इंग्रजींत लिहिणारीं बहुतेक हॅरी पॉटरच्या जादूच्या शाळेंत नांव घालतात. मराठींत लिहिणारीं कर्णाच्या रथाचें चाक उपसावयास जातात. वार्षिक अंकासाठीं आलेल्या लिखाणाची निवड आमच्याकडे असते, आणि कर्णाचें स्वगत ज्यांत नाहीं असें वर्ष आम्हांला आठवत नाहीं. १९६७ सालीं 'मृत्युंजय' आली, पुढें 'राधेय' आली, आणि कर्ण कसा बोलावा, कोठें थांबावा, कोणत्या शब्दावर त्याचा कंठ दाटावा, हें सगळें ठरूनच गेलें. आज लिहिणारा मुलगा व्यासांच्या कर्णाकडे पाहत नाहीं. तो दुसऱ्यांनीं काढलेल्या कर्णाच्या तसबिरीकडे पाहून तसबीर काढतो. गर्दीच्या देवळांत दर्शन घडतें तें पुढच्या माणसाच्या पाठीचें!

म्हणून आडवाटेवरचीं चार घरें आम्ही येथें सुचवितों. घर निवडतांना आमची कसोटी सोपी आहे. तेथें माणसें पुष्कळ असावीं, त्यांतलीं निम्मीं तरी अर्धवट सांगितलेलीं असावीं, आणि ओट्यावर आधींच मंडळी जमलेली नसावी.

पहिलें घर शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'चें. देवलांच्या संगीत नाटकामुळें चारुदत्त-वसंतसेना महाराष्ट्राला घरचीं झालीं, हें खरें. पण त्या दोघांच्या मागें उभी असलेली उज्जयिनी कोणी निरखून पाहत नाहीं. शर्विलक हा ब्राह्मण चोर भिंतीला भोंक पाडतांना दोरी विसरला म्हणून गळ्यांतल्या जानव्यानेंच माप घेतो, आणि चोरी करतो ती आपल्या मदनिकेला दास्यांतून सोडविण्यासाठीं. अंग चेपण्याचा धंदा करणारा संवाहक पाटलिपुत्राहून येतो, जुगारांत दहा सुवर्णांच्या ऋणांत बुडतो, वसंतसेनेनें सोडविल्यावर बौद्ध भिक्षु होतो, आणि शेवटीं पालापाचोळ्याखालीं पडलेल्या त्याच वसंतसेनेला शुद्धीवर आणतो. एवढ्या माणसाचें आयुष्य नाटककारानें चार प्रवेशांत उरकलें आहे. चंदनक व वीरक हे दोन नगररक्षक घ्या. एकानें पळालेल्या आर्यकाला ओळखूनही जाऊं दिलें. दुसऱ्यानें संशय घेतला आणि लाथ खाल्ली. राज्य उलटल्यावर चंदनकाला मोठा अधिकार मिळाला. पण आपलें काम चोख करणाऱ्या वीरकानें दुसऱ्या दिवशीं सकाळीं पहाऱ्यावर जातांना काय विचार केला असेल?

हें नाटक एका विद्यार्थिनीच्या हातीं आम्हीं दिलें होतें. तोंवर तिचें सारें लिखाण इंग्रजींतून आणि जादूच्या शाळेंतलें. महिन्याभरानें तिनें मराठींत लिहिलेलीं तीन पानें आणून दाखविलीं. नाटकाच्या शेवटीं चारुदत्ताची पत्नी धूता अग्निप्रवेशापासून परततें, वसंतसेनेला कुलवधूचा मान मिळतो, दोघी एकमेकींना बहीण म्हणून भेटतात, आणि पडदा पडतो. या मुलीनें त्यापुढची सकाळ लिहिली होती. स्वयंपाकघरांत दोघी आहेत. आठ दालनांच्या वाड्यांत राहिलेल्या वसंतसेनेनें चूल कधीं पेटविलेली नाहीं, ती विचारते, "मीठ कोठें ठेवितां?" धूता उत्तर देण्यापूर्वीं थोडी थांबते. गोष्ट एवढीच. हा प्रश्न आम्हांला आजवर कोणत्याही टीकाकाराच्या पानांत आढळला नव्हता, आणि तो वाचल्यापासून त्या नाटकाचा शेवट शिकवितांना आम्हीही तेथें थोडे थांबतों. आणखी एक गोष्ट येथें सांगण्याजोगी आहे. भासाच्या नांवावरील 'चारुदत्त' हें चारच अंकांचें नाटक 'मृच्छकटिका'च्या पहिल्या चार अंकांशीं इतकें जुळतें कीं शूद्रकानें तेंच घेऊन वाढविलें असें पुष्कळ पंडित मानतात. तसें असेल तर 'पुढें काय झालें?' हा प्रश्न शूद्रकालाही पडला होता.

दुसरें घर त्याहून जुनें आणि आपल्या गोदाकांठचें, हालाची 'गाथासप्तशती'. महाराष्ट्री प्राकृतांतल्या या सातशें गाथांतील प्रत्येक गाथा म्हणजे दोन ओळींचा नाट्यप्रवेश आहे. कोणी पाटलाची सून, कोणी वाटसरू, कोणी परदेशीं गेलेल्या नवऱ्याचे दिवस मोजणारी स्त्री. बोलणाराचें नांव बहुधा नसतें, ऐकणाराचेंही नसतें. जुन्या टीकाकारांना प्रत्येक गाथेपूर्वीं 'ही सखी नायिकेस म्हणते', 'ही दूती पथिकास म्हणते' असें अनुमानानें सांगावें लागलें. आणि एकाचें अनुमान दुसऱ्याला पटलें नाहीं! स. आ. जोगळेकरांच्या मराठी आवृत्तीमुळें हा ग्रंथ प्राकृत न येणारासही मोकळा आहे. ज्याला लांब लिहितां येत नाहीं त्यानें येथें यावें. एक गाथा घ्यावी आणि ती कोण कोणास म्हणतें एवढेंच दोन पानांत सांगावें.

तिसऱ्या घराचें नांव सर्वांना ठाऊक असून आंत कोणी जात नाहीं. बाबा पद्मनजींचें 'यमुनापर्यटन' १८५७ सालीं प्रसिद्ध झालें. मराठींतील पहिली कादंबरी म्हणून उत्तरपत्रिकेंत तिचा उल्लेख होतो, वाचली मात्र जात नाहीं. पद्मनजी ख्रिस्ती झालेले, त्यांचा हेतु उघड उपदेशाचा. त्यामुळें कथेचें अंग थिटें पडलें हें खरेंच आहे. पण यमुना नवऱ्याबरोबर प्रवासास निघते, जागोजाग विधवा भेटतात, आपली कर्मकहाणी सांगतात, आणि हीं दोघें पुढच्या गांवीं जातात. पुढें यमुनाही विधवा होते. तिच्यापुरती लेखकानें वाट काढली आहे. वाटेवर भेटलेल्या त्या बाकीच्या बायका मात्र जेथल्या तेथेंच राहिल्या. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालीं झाला; त्याची वार्ता त्यांच्यापैकीं कोणाच्या कानीं गेली असेल काय? गेली असल्यास ती कोणीं सांगितली, आणि ऐकल्यावर तिनें हातांतलें काम खालीं ठेवलें कीं तसेंच चालूं ठेवलें? पद्मनजींना त्या स्त्रिया दाखला म्हणून हव्या होत्या. त्यांना दाखल्यांतून काढून माणसांत आणण्याचें काम शंभरांहून अधिक वर्षें तसेंच पडलें आहे.

चौथें घर हंसतें आहे. चिं. वि. जोशांचा चिमणराव जुन्या पिढीला पुस्तकांतून, आणि मधल्या पिढीला दूरदर्शनवरून माहीत. आमच्या वर्गांत मात्र त्याचें नांव घेतलें तर मुलें एकमेकांकडे पाहतात. चिमणराव स्वतःची फजिती स्वतःच सांगतो, यांत सगळी लज्जत. पण त्यामुळेंच घरांतील इतरांची साक्ष कधीं नोंदलीच गेली नाहीं. तोच प्रसंग काऊनें सांगितला तर कसा होईल? गुंड्याभाऊला आपल्या पराक्रमांपैकीं कोणता खरोखर पराक्रम वाटत असेल? येथें कायद्याचाही एक शब्द सांगणें अवश्य आहे. आपल्या देशांत लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षें त्याच्या लिखाणावर वारसांचा हक्क असतो. चिं. विं.चें निधन १९६३ सालीं झालें. तेव्हां त्यांच्या हयातींत छापलेलें लिखाण १ जानेवारी २०२४ पासून सर्वांना मोकळें झालें आहे. हयात लेखकाचीं पात्रें वहींत खुशाल खेळवावीं, पण छापून विकण्यापूर्वीं त्याची संमति घ्यावी. तो केवळ कायद्याचा नव्हे, शेजारधर्माचाही भाग आहे.

लिहूं इच्छिणाराला याखेरीज दोनच सूचना. मूळ ग्रंथ दोनदां वाचावा. पहिल्यांदा गोष्टीसाठीं, दुसऱ्यांदा गोष्टींत जें नाहीं त्यासाठीं. आणि जुन्या माणसांच्या तोंडीं आपलीं आजचीं व्याख्यानें घालूं नयेत. धूतेनें स्त्रीस्वातंत्र्यावर भाषण केलें तर तें धूतेचें राहत नाहीं. मीठ कोठें आहे हें सांगतांना ती थांबली तर तें धूतेचेंच असतें.

आईबापांना आम्ही एवढेंच विनवूं कीं मुलीच्या वहींत दुसऱ्याचीं पात्रें दिसलीं तर वही मिटूं नका. तिच्या हातीं एक जुनें पुस्तक आणखी द्या. यांत तिचाच लाभ आहे असें नव्हे. ग्रंथालयांत आम्ही कधीं कधीं पुस्तकाच्या शेवटच्या पानावरचे तारखांचे शिक्के पाहतों. आमच्या येथील 'यमुनापर्यटना'च्या प्रतीवर दोन शिक्क्यांमध्यें अकरा वर्षांचें अंतर आहे. कागद अजून धड आहे, बांधणी शाबूत आहे, वाळवीनें स्पर्श केलेला नाहीं. पुस्तक वाळवीनें मरत नाहीं. पुढें काय झालें असें विचारणारें शेवटचें माणूस उठून गेलें कीं मरतें. हजारों मुलांना आज तो प्रश्न पडतो आहे आणि त्याचें उत्तर लिहिण्याइतका उत्साह त्यांच्या अंगीं आहे. त्यांपैकीं दहाजण जरी मोठ्या रस्त्यावरून या आळींत वळले, तरी वाटेवर राहिलेल्या त्या बायकांना एवढ्या वर्षांनीं कोणीतरी भेटावयास येईल.