मोरपंखीचं तेल

शाळेत असताना वहीच्या पानांत ‘विद्या’ म्हणून जे पान आपण जपलं, ते मोरपंखीचं. विक्रोळीत कन्नमवारनगरात, टागोरनगरात इमारतींच्या फाटकांपाशी ही झाडं आजही दिसतात. माळी छाटणी करतो आणि पाला कचऱ्यात जातो. मी वनस्पतींच्या सुगंधी तेलांचं विश्लेषण करते, त्यामुळे तो पाला मला मोलाचा वाटतो. फांदी चुरगळली की टर्पेन्टाईनच्या जातीचा तिखट वास येतो. त्या वासात काय काय आहे, हे शोधणं माझं काम.

रोपवाटिकेत हिलाच ‘थुजा’ म्हणतात. लिनियसनं १७५३ मध्ये तिला थुजा वंशातच घातलं होतं. आज तिचा वंश वेगळा मानतात, प्लॅटीक्लॅडस. तेल काढणाऱ्याला हा फरक किरकोळ नाही. उत्तर अमेरिकेतल्या थुजाच्या पानांच्या तेलात सर्वांत मोठा वाटा सहसा थुजोनचा असतो, आणि थुजोन जास्त पोटात गेलं तर झटके येतात. मोरपंखीच्या तेलात मात्र अल्फा-पायनीन, डेल्टा-३-कॅरीन आणि सेड्रॉल हे प्रमुख घटक. म्हणून पाला हाती आला की मी आधी त्यावरचे शंकू बघते. मोरपंखीचे कोवळे शंकू निळसर असतात, त्यांच्या खवल्यांची टोकं आकड्यासारखी वळलेली असतात आणि बियांना पंख नसतात.

मग क्लेव्हेंजरचं उपकरण. काचेची ही रचना १९२८ मधली. चंबूत पाण्यासोबत पाला उकळतो, वाफ थंड होऊन खुणांच्या नळीत उतरते, तेल वर तरंगतं आणि पाणी परत चंबूत जातं. सुरुवातीला तेल भराभर चढतं. त्यात पायनीन, कॅरीन अशा हलक्या घटकांचा भरणा असतो. पुढे नळीतली पातळी जवळजवळ थांबते आणि शेगडी बंद करायला हात शिवशिवतात. पण सेड्रॉल सावकाश येतं. पंधरा कार्बनांचं हे अल्कोहोल शुद्ध रूपात मुंबईच्या उन्हाळ्यातही घन राहतं, इतकं जड. लवकर आटोपलं तर तेलात ते कमी भरतं. पुढचं यंत्र अचूक मोजतं, तरी त्या आकड्यांवरून झाडाविषयी काढलेला निष्कर्ष खोटा ठरतो.

ते यंत्र म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफ. पाव मिलिमीटर व्यासाच्या, तीस मीटर लांबीच्या नळीतून घटक एकामागून एक बाहेर पडतात. पायनीन, कॅरीन, सॅबिनीन या सगळ्यांत दहा कार्बन आणि सोळा हायड्रोजन, वस्तुमान १३६. नळीच्या टोकाशी जोडलेला वस्तुमान-वर्णपटमापक त्यांचे जे वर्णपट नोंदवतो, तेही बरेच सारखे. त्यामुळे संगणकानं सुचवलेलं नाव मी तसंच स्वीकारत नाही. प्रत्येक घटकाची नळीतून बाहेर पडण्याची वेळ अल्केनांच्या मालिकेशी ताडून त्याचा निर्देशांक काढते: नेहमीच्या अध्रुवीय नळीवर अल्फा-पायनीन ९३२ च्या आसपास, सेड्रॉल १६०० च्या जवळ. हे आकडे जगभरचे विश्लेषक ज्या ग्रंथाशी पडताळतात तो रॉबर्ट अ‍ॅडम्स यांचा, आणि अ‍ॅडम्स हे जुनिपरचे अभ्यासक. आमच्या विद्येला तिचा हा कोश सूचिपर्णी झाडांच्या अभ्यासातूनच मिळाला.

महाराष्ट्रातही या कामाची मोठी परंपरा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुख देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात हिमालयातल्या देवदाराच्या तेलातील हिमाचलीनांची रचना उलगडली. एकेक घटक वेगळा करायचा, त्यावर अभिक्रिया करायच्या, मिळालेल्या तुकड्यांवरून मूळ रेणू जुळवायचा, अशी ती मेहनत. आज तासा-दीड तासात पन्नास नावांची यादी हाती येते, म्हणूनच जपून वागायला हवं.

त्या यादीशेजारी झाडाचं नाव, कोणता भाग, कोणता महिना आणि किती तास ऊर्ध्वपातन, हे लिहिलेलं असलंच पाहिजे. ते नसेल तर टक्के कितीही दशांश स्थळांपर्यंत छापले तरी दुसऱ्या कुणाला तेच तेल पुन्हा काढून पाहता येत नाही. आणि तसं पाहता येणं, हीच आमच्या कामाच्या खरेपणाची कसोटी आहे.