चारशे लिटर समुद्र

आमच्या घरी पाणी गाळून, उकळून पिण्याचा नेम आहे. चातुर्मासात पालेभाजी उंबरठा ओलांडत नाही. अशा घराच्या दिवाणखान्यात आज चार फूट लांब आणि दोन-दोन फूट रुंद-उंच अशी खाऱ्या पाण्याची काचपेटी उभी आहे. काही वर्षांपूर्वी नातवाला मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय दाखवले, तेथे या प्रकरणाचे मूळ आहे. त्याने धोशा लावला आणि मी निवृत्त असल्याने सबब उरली नाही.

नवशिक्याने लहान पेटीपासून आरंभ करावा, असे मला वाटे. जाणकारांनी उलटे सांगितले. पाणी थोडे असेल तर एक चूकही सारे बिघडवते. अधिक पाण्यात ती पचते. बँकेतील राखीव निधीचे तत्त्व तेच असल्याने मला ते चटकन पटले. दगड-वाळूची जागा वजा जाता चारशे लिटर पाणी मावते. एकूण भार अर्ध्या टनाहून अधिक, म्हणून आधी अभियंत्याला विचारून पेटी तुळईलगत ठेवली. दर लिटरला 35 ग्रॅम या प्रमाणात क्षार मिसळायचे, पण स्वयंपाकाचे मीठ नव्हे. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमही हवे. नळाचे पाणीही चालत नाही, तेही शुद्ध करून घ्यावे लागते. सौ. म्हणाली, "माशांसाठी तरी तुम्ही पाणी गाळायला शिकलात!"

बाष्पीभवनाने पाणी उडते, क्षार मात्र मागे राहतात, हे मला कळायला आठ दिवस लागले. तोवर मी रोजची घट खाऱ्या पाण्यानेच भरून काढत होतो. विशिष्ट गुरुत्व 1.025 असावे, ते 1.030 वर गेल्यावर चूक ध्यानी आली. व्याज काढून घेतले तरी मुद्दल तसेच राहते, हे आयुष्यभर इतरांना समजावणाऱ्या माणसाची ही गत!

त्याहून मोठी चूक आधीच घडून गेली होती. दुकानदाराने सांगितले, "काका, तिसऱ्या दिवशी दोन निळे डॅमसेल सोडा, त्यांच्यामुळे पाणी लवकर तयार होते. चिवट जात आहे." मी सोडले. सहाव्या दिवशी सकाळी एक तळाशी निपचित पडलेला दिसला, संध्याकाळी दुसरा गेला. नातू जेवला नाही. नंतर वाचन केले तेव्हा समजले की, माशांच्या मलातून अमोनिया होतो. तो त्यांना विषासमान असतो. एक प्रकारचे सूक्ष्म जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसरे त्या नायट्राइटचे तुलनेने सौम्य नायट्रेट. हे जिवाणू पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. मासे न सोडता बाटलीतील अमोनियम क्लोराइडनेही ती वाढ होऊ शकते. म्हणजे ते दोन जीव केवळ माझ्या उतावळेपणापायी गेले. त्या रात्रीच्या प्रतिक्रमणात नेहमीचे शब्द माझ्या तोंडून नेहमीसारखे निघाले नाहीत.

पाणी बदलून पुन्हा आरंभ केला. रोज तपासणी करून आकडे वहीत उतरवले. अडतिसाव्या दिवशी अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आले.

पोवळ्यांचा प्रश्न वेगळाच निघाला. त्यांच्यावाचून प्रवाळपेटी कसली? दुकानदार हळू आवाजात म्हणाला, "मागच्या खोलीत आहे माल." परंतु दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत 2001 मध्ये स्थान मिळाले आहे. मी हात जोडून बाहेर पडलो. गंमत अशी की, जीवविचार प्रकरणात विद्रुम पृथ्वीकायात गणला आहे, तर आजचे प्राणिशास्त्र त्याला प्राणी म्हणते. वर्गवारी कोणतीही घ्या, तो जीव आहे यावर दोघांचे एकमत आहे. आमच्या पेटीत म्हणून कोरडे सच्छिद्र दगड आहेत आणि समुद्रशैवाल आहे. मासे दोनच, नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे क्लाउनफिश. समुद्रातून पकडलेले नकोत, असा माझा आग्रह होता. मंडपमच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांची पैदास बंदिस्त पाण्यात साधल्याचे वाचले होते; पैदास केंद्रातलेच मिळेपर्यंत दोन महिने थांबलो.

मनाला टोचते ते निराळेच. खाद्याच्या डब्यावरील घटकांत पहिले नाव मत्स्यचूर्णाचे आहे. शैवालाचे खाद्य शोधले, पण केवळ त्यावर ही जात नीट राहत नाही. स्थानकात एका साध्वीजींसमोर हे बोललो. त्यांनी रागे भरले नाही. "आणखी आणू नका, आहेत त्यांना उपाशी ठेवू नका," इतकेच म्हणाल्या. तसा नियम घेतला आहे. डबा स्वयंपाकघरात नाही, सज्जातल्या कपाटात असतो आणि खाद्य मीच घालतो. नातवाच्या हाती अजून दिलेले नाही.

हे मासे चांगली निगा राखली तर दहा-पंधरा वर्षे, क्वचित त्याहूनही अधिक जगतात. माझे वय सहासष्ट. वहीच्या शेवटच्या पानावर खाद्याचे प्रमाण, क्षारांचा हिशेब आणि पाणी बदलण्याचे वार लिहून ठेवले आहेत. खाली नामनिर्देशित व्यक्ती म्हणून नातवाचे नाव घातले आहे आणि त्याची सही घेतली आहे.