जागेचा आवाज

पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत शिरलं की डोळ्यांआधी कानांना कळतं, आपण कुठे आलो ते. नुसती ठोकाठोक. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सगळी सारखीच वाटते. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी आम्हाला दहा मिनिटांचा माहितीपट करायचा होता आणि गटात ध्वनीचं काम माझ्या वाट्याला आलं. हे काम सहसा कुणी मागून घेत नाही. कॅमेरा सगळ्यांना हवा असतो. मी हेडफोन लावले, बूमचा दांडा डोक्यावर धरला आणि त्या ठोकाठोकीचे पदर सुटे व्हायला लागले. लाकडी हातोड्याचा जाड, बसका आवाज. लोखंडी हातोडीचा टणत्कार. पलीकडच्या दुकानाची लय, आणि तिच्या फटींतून येणारी या दुकानाची लय.

तांब्याचा पत्रा ठोकत गेलं की कडक होतो. मग त्याला भट्टीत लाल करावं लागतं, तेव्हा कुठे तो पुन्हा नरम पडतो. एवढं पुस्तकात सापडतं. पण कडक झालेला पत्रा खणखणतो आणि भट्टीतून आलेला मुका वाजतो, हे मला हेडफोनमधून उमगलं. ज्यांच्यावर आम्ही फिल्म करत होतो ते काका आमच्याशी बोलता बोलता एकदम थांबले, घागरीचं बूड उचललं आणि भट्टीकडे निघाले. मी विचारलं, "काका, आत्ताच का?" ते म्हणाले, "ऐकलं नाहीस का? वाजायला लागलं की ते." ऐकलं होतं. त्या आळीतून मी लहानपणापासून जात आले होते, पण ऐकलं त्या दिवशी.

हातोडीचा घाव मुद्रित करणं अवघड असतं. नेहमीच्या डिजिटल मुद्रणात शून्य डेसिबलच्या वर जागाच नाही. आवाज तिथे आपटला की फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने पूर्वीसारखा होत नाही. म्हणून पातळी बरीच खाली ठेवायची, वर मोकळी जागा सोडायची. माणसाच्या बोलण्यालाही अशी मोकळी जागा लागते. मुलाखत घेताना आपण 'हं', 'हो का' म्हणत राहतो, आणि ते सगळं समोरच्याच्या शब्दांवर बसतं. त्यामुळे फक्त मान हलवायची. उत्तर संपलं तरी पुढचा प्रश्न लगेच टाकायचा नाही. त्या शांततेत माणूस थोडा अस्वस्थ होतो आणि मग जे सांगायचं राहिलं होतं ते सांगतो. काकांनी मुलाच्या नोकरीबद्दल जे सांगितलं, ते अशाच एका शांततेनंतर. घरी आजीशीही मी आता तशीच बोलते. तिच्याकडे इतकं सांगण्यासारखं होतं, याचा मला पत्ताच नव्हता.

कॅमेरावाल्या मित्रानेही आपली शिदोरी मिळवली. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होते. डोळ्याला ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं, आणि चित्रावर पट्टे सरकू लागतात. शटर एक पन्नासांशावर आणलं की ते जातात. दुकानातल्या साध्या ट्यूबकडे आम्ही सगळे तेव्हापासून आदराने बघतो.

पुण्यात हे शिकताना आणखी एक आधार वाटायचा. विष्णुपंत दामल्यांनी 'प्रभात' फिल्म कंपनीचं ध्वनिमुद्रण सांभाळलं होतं, आणि पुढे फत्तेलालांबरोबर १९३६ चा 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला. आवाज आणि दिग्दर्शन दोन्ही सांभाळणारा माणूस! प्रभातच्या त्याच आवारात आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. दामल्यांच्याही आधीचे फाळके. १९१२ मध्ये लंडनहून परतल्यावर त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याचं रोप होईपर्यंत रोज थोडं थोडं चित्रित केलं. 'अंकुराची वाढ' ही ती छोटी फिल्म दाखवून त्यांनी भांडवल उभं केलं, आणि पुढच्याच वर्षी 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. मला ती विद्यार्थ्याचीच फिल्म वाटते. यंत्र नवं, खिशात पैसे नाहीत, आणि समोर जे आहे त्याकडे न कंटाळता बघत राहायचं.

एडिटिंगच्या टेबलावर खरी कसोटी लागली. भट्टीचा एक शॉट होता: अंधार, लाल घागर, काकांच्या कपाळावरचा घाम. इतका देखणा शॉट आम्हाला पुन्हा मिळाला नसता. तो ठेवला की मुलाबद्दलचं बोलणं पातळ व्हायचं. रात्रभर वाद झाला, कुणीतरी रडलंही, आणि शॉट गेला. आवडलेली गोष्ट कामासाठी सोडणं मी तिथे शिकले. आयुष्यात ते अजून नीट जमत नाही, फिल्ममध्ये जमतं.

आणि रूम टोन. प्रत्येक ठिकाणचं काम संपलं की सगळ्यांनी निश्चल उभं राहायचं आणि अर्धा मिनिट त्या जागेचा रिकामा आवाज टिपायचा. एडिटमध्ये दोन वाक्यांमधली फट त्यानेच भरते. नुसती शांतता घातली तर कान लगेच दचकतो. काकांच्या दुकानाचा रूम टोन घेताना त्यांनी शेजाऱ्यांनाही हातोड्या खाली ठेवायला सांगितल्या. पितळी डब्यावरची माशी, रस्त्यावरची सायकलची घंटी, भट्टीतला निखारा. इतक्या माणसांनी आपलं पोटापाण्याचं काम थांबवून आमच्यासाठी श्वास रोखला होता, याचं ऋण मला आजही फेडता आलेलं नाही.

मार्कांच्या यादीत यातलं काहीच नव्हतं. पण दरवर्षी अशी मुलं गावोगाव फिरत असतात. उद्या ती ट्रायपॉड घेऊन तुमच्या दारात आली, तर त्यांना आत घ्या, थोडा वेळ द्या. आणि ती म्हणाली, "काकू, पंखा बंद करता का?", तर उकडत असलं तरी बंद करा.