पाठीवरचे ओझे

आमची मोहीम अजून वर्गाच्या शेवटच्या बाकावरच आहे! तिथे नकाशा पसरला की कुलू जिल्ह्यातल्या ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानात पोचायला कितीसा वेळ? गुशैणीहून तीर्थन नदीच्या काठाने रोला, मग चढून शिल्ट. आधी वनखात्याचा परवाना. आत दुकान नाही. तेव्हा शिधा, स्टोव्ह, तंबू सारे पाठीवर. लोणच्याच्या बरणीसाठी मतदान घ्यावे लागले. (ती बहुमताने निवडून आली.)

खरा वाद पेटला हमालावरून. ‘आपले ओझे आपणच वाहायचे,’ असा तिघांचा बाणा. मी एकटा विरोधी पक्षात. या वाटा हौशी गिर्यारोहकांनी थोड्याच पाडल्या? मेंढरे घेऊन कुरणांवर चढणाऱ्या, जडीबुटी खुडणाऱ्या गावकऱ्यांच्या पायांनी त्या पडल्या. १९९९ साली उद्यानाची अंतिम अधिसूचना निघाली आणि ते हक्क संपले. कागदोपत्री हक्क असणाऱ्यांना भरपाई मिळाली, इतरांचे काय? जुजुराणासारखा दुर्मीळ पक्षी जगला पाहिजे, हे मान्यच. २०१४ मध्ये उद्यानाला जागतिक वारशाचा मानही मिळाला. पण त्या गावांतली माणसे आता वाटाडे नि हमाल होऊन त्याच डोंगरांत चढतात. त्यांना टाळून आम्ही स्वावलंबन मिरवायचे, ते कोणाच्या जिवावर?

‘मग ती सहलच झाली की!’ एक मित्र फणकारला. दोन दिवस अबोला. अखेर परतीचा प्रवास साध्या डब्याने करून उरतील ते पैसे गावातल्या वाटाड्यासाठी ठेवायचे ठरले. सॅक मात्र ज्याची त्याने वाहायची.